घरी एलपी आणि ७८ च्या तबकड्या धुणं: पाणी कोणतं, आयपीए किती, मशीन लागतंच का?

मंद्रसप्तक

नमस्कार मंडळी. साधारण दीडशे तबकड्या साफ करायच्या आहेत. शंभरेक एलपी (नाट्यसंगीत, भावगीतं, थोडं शास्त्रीय), वीसेक ४५ च्या ईपी आणि उरलेल्या ७८ च्या (आकडे मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचे, एलपी ३३⅓ च्या). सगळ्या समुद्राजवळच्या गावी लाकडी कपाटात होत्या, त्यामुळे धूळ, बोटांचे ठसे आणि काहींवर पांढरे ठिपके आहेत. कार्बन फायबरचा ब्रश आहे, पण तो वरची धूळ उचलण्यापलीकडे काही करत नाही.

जितकं वाचावं तितका गोंधळ वाढतोय. कुणी भांड्यांचा साबण सांगतो, कुणी आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि पाणी अर्धंअर्धं, कुणी फेव्हिकॉलचा थर देऊन सोलायला सांगतो, तर कुणी मशीनशिवाय हातच लावू नका म्हणतो. बजेट दहा हजारांच्या आत. विचारायचं ते असं:

पाणी आरओचं चालेल का? द्रावणात नक्की काय आणि किती घालायचं? ७८ ना तेच द्रावण चालतं का? आणि भांड्यांच्या साबणाने धुतलेली एलपी वाळल्यावर आधीपेक्षा जास्त खरखरते, ते कशामुळे?

खोबणी

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात.

मळ सुटा करायला फार काही लागत नाही. सुटा झालेला मळ आणि ते पाणी खाचेतून बाहेर काढणं हेच खरं काम. पाणी उडून जातं, पाण्यात विरघळलेलं मात्र तिथेच राहतं. हिशोब करून बघा. धुऊन निथळल्यावर तबकडीवर समजा २ मिलि पाणी राहिलं. ६०० टीडीएसचं, म्हणजे लिटरला ६०० मिलिग्रॅम क्षार विरघळलेलं, बोअरचं पाणी असेल तर वाळल्यावर १.२ मिलिग्रॅम क्षार खाचांत बसले. ५० टीडीएसचं आरओ पाणी असेल तर ०.१ मिलिग्रॅम. बॅटरीत घालायचं डिमिनरलाइज्ड पाणी ५ टीडीएसच्या आत असतं, म्हणजे ०.०१ मिलिग्रॅम. आकडे क्षुल्लक वाटतील, पण सुई खाचेच्या भिंतीला जेमतेम काही मायक्रॉन टेकते. त्या वाटेत क्षाराचा कण आला की 'टक' आवाज येणारच. भांड्यांच्या साबणात त्यावर सुगंध, रंग आणि घट्टपणासाठी घातलेलं मीठ असतं. तबकडी वाळली की याचाही थर राहतो. टॉवेलने पुसलं की उरलेला चिखल खाचेच्या तळाशी दाबला जातो आणि वर धागे सुटतात. तुमची एलपी जास्त खरखरते ती यामुळे, खराब झाली म्हणून नव्हे. नीट धुतली तर परत सुधारेल.

तर पाणी: शेवटचं विसळणं डिमिनरलाइज्ड पाण्यानेच. इन्व्हर्टर-बॅटरीच्या दुकानात ५ लिटरचा कॅन मिळतो. त्याच दुकानात तशाच कॅनमध्ये बॅटरीचं ॲसिडही असतं, तेव्हा लेबल वाचून घ्या. घरी आणल्यावर टीडीएस मीटर बुडवा. १० च्या वर आकडा आला तर तो कॅन इन्व्हर्टरलाच द्या. पहिल्या धुण्याला आरओ चालेल. एसीचं ठिबकणारं पाणी 'फुकटचं डिस्टिल्ड' म्हणून वापरणारे भेटतील. त्यात कॉइलवरची धूळ आणि बुरशी येते, नको.

द्रावण: नॉन-आयॉनिक सरफॅक्टंट (मळ सोडवणारा, सुगंध-रंग नसलेला साबणासारखा पदार्थ) घ्या. लॅबचं सामान विकणाऱ्यांकडे ट्रायटन एक्स-१०० किंवा ट्वीन-२० मिळतं. मधासारखं घट्ट असतं, त्यामुळे थेंब मोजण्यात चूक होते. म्हणून आधी साठ्याचं द्रावण करून ठेवा: १ मिलि सिरिंजने घेऊन ९९ मिलि कोमट डिमिनरलाइज्ड पाण्यात हळूहळू हलवत विरघळवायचं. त्यातलं ३० मिलि, एकूण १ लिटर होईल इतक्या पाण्यात. म्हणजे लिटरला ०.३ मिलि. पाणी तबकडीवर मण्यांसारखं न साचता सपाट पसरलं की प्रमाण बरोबर. फेस यायला लागला तर जास्त झालं. फोटोग्राफीवाल्यांकडे इल्फोटॉल किंवा फोटो-फ्लो असेल तर तेही चालतं, लिटरला २-३ मिलि. वर जो २ मिलि पाण्याचा हिशोब केला तो या द्रावणालाही लावा: न विसळता वाळवलं तर ०.६ मिलिग्रॅम साबण मागे राहतो. म्हणून विसळणं टाळता येत नाही, 'नो-रिन्स' लिहिलेल्या बाटल्यांच्या बाबतीतही माझं हेच मत आहे.

हाताने धुण्याची पद्धत. लेबल आधी झाका. ६ मिमी जाडीच्या ॲक्रिलिकच्या १०८ मिमी व्यासाच्या दोन चकत्या कापून घ्या (साइनबोर्डवाले लेझरने कापून देतात), प्रत्येकीला आतून १०१-१०२ मिमी आतल्या व्यासाची ३ मिमी जाड ओ-रिंग, आणि मधून ६ मिमीचा बोल्ट व विंगनट. तबकडीचं भोक सव्वासात मिमीचं असतं, बोल्ट सहज जातो. एलपीचं लेबल १०० मिमीचं, त्यामुळे ओ-रिंग लेबलाबाहेरच्या कोऱ्या पट्टीवर बसते आणि रेकॉर्डिंगपर्यंत पोचत नाही. नट बोटाने घट्ट होईल तितकाच, पक्कड लावायची नाही.

आधी कोरडा कार्बन ब्रश, दोन-तीन फेरे. कोरडी धूळ ओली झाली की चिखल होतो, म्हणून ती कोरडीच उचलायची. मग आडव्या तबकडीवर ५ ते ७ मिलि द्रावण, आणि बकरीच्या केसांचा किंवा अगदी बारीक नायलॉनचा रुंद ब्रश. फिरवायचा खाचांच्या दिशेने, आडवा कधीच नाही. दहा फेरे एका दिशेला, दहा उलट. दाब ब्रशच्या वजनाइतकाच, केस वाकले की टोकं खाचेत जात नाहीत. दीड-दोन मिनिटं पृष्ठभाग ओला राहिला पाहिजे. पंखा बंद ठेवा आणि सुकतंय असं वाटलं तर थोडं द्रावण वाढवा. मध्येच सुकलं तर सगळा मळ पुन्हा चिकटतो, तेव्हा ते सुरुवातीपासून.

मग तबकडी उभी धरून स्प्रे बाटलीने प्रत्येक बाजूला ५०-६० मिलि साधं डिमिनरलाइज्ड पाणी. वरून खाली, फिरवत. स्वच्छ मायक्रोफायबरने फक्त टिपायचं, घासायचं नाही. ते कापड धुताना फॅब्रिक कंडिशनर घालू नका, तो कापडावरून तबकडीवर येतो. वाळवायला स्वयंपाकघरातलं ताटाळं उत्तम: तबकडी उभी राहते आणि फक्त कडेला टेकते. दोन तास. ऊन नको, वाकते. पंख्याखालीही नको, ओल्या तबकडीवर धूळ येऊन बसते.

आणि धुतलेली तबकडी जुन्या कागदी पाकिटात परत घालू नका. नाहीतर एवढं करून काय मिळवलं? पातळ एचडीपीई प्लॅस्टिकची अँटिस्टॅटिक पाकिटं घ्या. जाड, लवचीक पीव्हीसीची पाकिटं मात्र टाळा, त्यांतला प्लॅस्टिसायझर (प्लॅस्टिक मऊ ठेवणारं रसायन) कालांतराने तबकडीवर उतरतो आणि धुरकट डाग पडतो. तो डाग कशानेच जात नाही.

७८ बद्दल लाखेवाले लिहितीलच. ते येईपर्यंत ७८ ना काहीही लावू नका.

लाखेचा_माणूस

आलो.

मंद्रसप्तक, ७८ ला आयपीए, स्पिरिट, सॅनिटायझर, कोलोन, काहीही अल्कोहोल असलेलं लागता कामा नये. ७८ ची तबकडी म्हणजे लाख, त्यात दगडाची पूड आणि काजळी. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, फर्निचरचं पॉलिश त्यावरच तर बनतं. ओला बोळा फिरवला की काळा रंग बोळ्यावर येतो. तो मळ नसतो, तुमचं गाणं असतं. अल्कलीनेही लाख विरघळते, म्हणजे धुण्याचा सोडा, टाकणखार आणि अमोनिया असलेला काच पुसायचा स्प्रे हेही बाद.

तबकडी लाखेची की व्हिनाइलची (म्हणजे पीव्हीसीची, एलपी असते तशी) हे साल बघून ठरवू नका. बाहेर १९४८ ला एलपी आली तरी आपल्याकडे १९६० च्या दशकातही ७८ च्या निघत होत्या. बीटल्सची गाणीसुद्धा भारतात ७८ वर निघाली आहेत. वजन बघा: १० इंची लाखेची तबकडी हातात १२ इंची एलपीपेक्षा जड लागते, आणि नखाने हलकं टिचकावलं तर कौलासारखा टणक आवाज येतो. व्हिनाइलचा आवाज बोदा असतो. वाकवून बघायच्या फंदात पडू नका, लाखेची तबकडी वाकत नाही, तुटते.

धुण्याआधी तिरप्या उजेडात केसासारखी चीर शोधा. चिरेतून पाणी आत गेलं की आतला भाग फुगतो. काही कंपन्यांच्या, विशेषतः परदेशी कोलंबियाच्या तबकड्या थरांच्या असतात आणि आत कागद असतो, तिथे तर हे लगेच होतं. अशा चिरलेल्या तबकड्या फक्त कोरड्या ब्रशने, आणि फार तर द्रावणात भिजवून घट्ट पिळलेल्या कापडाने, तेवढा भाग सोडून.

धडधाकट तबकडीला खोबणींनी दिलेलं द्रावण जसंच्या तसं चालतं. पाणी खोलीच्या तापमानाचं. एका बाजूला पाऊण मिनिट, जास्त नाही. ७८ ची खाच एलपीपेक्षा जवळजवळ तिप्पट रुंद असते, त्यामुळे साधा मऊ ब्रशही तळापर्यंत पोचतो. लगेच विसळा, लगेच टिपा. बुडवून किंवा भिजत ठेवायची नाही. लेबलाला पाणी नकोच, जुनी शाई पसरते. लेबल एलपीपेक्षा लहान असतं, त्यामुळे एलपीसाठी केलेली चकती शेवटच्या खाचांवर येऊ शकते. मोजून वेगळी करून घ्या.

अपेक्षा थोडी बेताची ठेवा. सततचा 'श्श्श' हा त्या दगडाच्या पुडीचाच आवाज आहे, धुतल्याने जात नाही. जाते ती खरखर. आणि वाजवताना ७८ ची वेगळी सुई, साधारण ७५ मायक्रॉनची. एलपीची सुई १८ मायक्रॉनच्या आसपासची असते, ती ७८ च्या खाचेत तळाशी जाऊन कचऱ्यातून नांगर चालवते. धुतलेली ७८ खरखरते अशी तक्रार आली की आधी हेच विचारतो.

अजून एक. पांढरे ठिपके म्हटलंत. भोकाच्या आतल्या कडेला ॲल्युमिनियम चमकतंय का बघा. तशी तबकडी निघाली तर ती लॅकरची, म्हणजे ॲल्युमिनियमवर लॅकरचा थर देऊन त्यात आवाज थेट कोरलेली. तिच्यावरची पांढरी तेलकट पूड बुरशी नसते, लॅकरमधल्या एरंडेलापासून सुटलेलं स्निग्धाम्ल असतं. ती धुवायचीच नाही, वाजवायचीही नाही. बहुधा तिची दुसरी प्रत जगात नसते. ध्वनिसंग्रहाचं काम करणाऱ्या जाणकाराकडे न्या.

गिरगावकर३३

खोबणींशी जवळजवळ सहमत, पण आयपीएला त्यांनी पूर्ण फाटा दिला ते पटलं नाही. समुद्राजवळच्या कपाटातल्या एलपी आहेत, बोटांचे ठसे आहेत, जुन्या बाजारात चकाकीसाठी तेलाचा हात फिरवलेल्याही असतात. नुसता सरफॅक्टंट हे काढतो, पण दोन-तीन धुण्यांत. ५ भाग पाण्याला १ भाग ९९ टक्के आयपीए आणि वरचं ३० मिलि साठ्याचं द्रावण, असं केलं तर एका धुण्यात काम होतं. फक्त व्हिनाइलला.

अर्धंअर्धं करायची गरज नाही. जास्त आयपीएने सफाई वाढत नाही, मिश्रण लवकर उडतं आणि मळ खाचेतच वाळतो. शिवाय आयपीए 'टेक्निकल' दर्जाचा रिकंडिशन केलेला नको. स्वच्छ काचेवर थेंब वाळवून बघा, कडा दिसली तर परत करा. सॅनिटायझर तर नाहीच, त्यात हात मऊ राहावेत म्हणून ग्लिसरीन असतं. औषधाच्या दुकानातल्या स्पिरिटमध्ये काय काय मिसळलेलं असतं ते बाटलीगणिक बदलतं.

अमेरिकेतून कुणी ४५ च्या आणल्या असतील तर त्यातल्या काही पॉलिस्टायरीनच्या असतात: हलक्या, कडक, लेबल वरून चिकटवलेलं किंवा थेट छापलेलं. त्यांनाही आयपीए नको.

आणि गॅस, निरांजन, मच्छर मारायची रॅकेट, सगळं लांब. पातळ केलेल्या मिश्रणाचीही वाफ आपल्या उन्हाळ्यात पेट घेऊ शकते.

खोबणी

@गिरगावकर, तेलकट तबकडीला आणि बुरशीला आयपीए मान्य. सरसकट शंभर एलपींना नाही. व्हिनाइलला त्याने धोका होतो म्हणून नव्हे, थंड आणि दोन मिनिटांत त्याला काही होत नाही. पण घरात ३० लाखेच्या तबकड्याही आहेत, आणि टेबलावर दोन सारख्या दिसणाऱ्या बाटल्या असल्या की कधीतरी चुकीची उचलली जाते. आयपीएच्या बाटलीला लाल टेप लावा एवढं तरी कराच.

खटपट्या

दहा हजारांत मशीनचं बोलतो. तयार व्हॅक्यूम मशीन या पैशांत येत नाही, ओकी नोकी किंवा प्रो-जेक्ट विसरा. स्पिन-क्लीन किंवा क्नोस्टी येऊ शकतात, पण ती मुळात उभी टाकी आणि ब्रश. दहा-बारा तबकड्या झाल्या की बारावी तबकडी आधीच्या अकरांच्या मळात फिरते. घेतलीत तर पाणी वरचेवर बदला, सर्वांत स्वच्छ तबकड्या आधी, आणि विसळणं बाहेर वेगळं. खोबणींचा हातधुणीचा प्रकार याच्यापेक्षा कमी नाही, फक्त वेळखाऊ आहे.

फरक पडतो तो पाणी ओढून घेण्याने. ते घरी करता येतं.

लागणारं सामान: ओला-कोरडा दोन्ही चालणारा व्हॅक्यूम क्लीनर, १००० ते १४०० वॅट. फक्त कोरडा असेल तर पाणी मोटरमध्ये जाईल, आणि तिथे प्रश्न तबकडीचा राहत नाही. ज्या सॉकेटला लावाल तिथे ३० मिलीअँपिअरचं आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) असल्याची खात्री करा.

ओढायची नळी: २५ मिमीचा इलेक्ट्रिकल पीव्हीसी पाइप, एक टोक बंद. त्यात २ मिमी रुंद आणि ८८ मिमी लांब फट. ८८ का, तर एलपीच्या खाचा मध्यापासून साधारण ६० मिमीवर संपतात आणि १४६ मिमीवर सुरू होतात. फट यापेक्षा लांब झाली तर हवा बाहेरूनच ओढली जाते आणि पाणी तसंच राहतं. फट कापल्यावर कडा पॉलिश पेपरने गुळगुळीत करा, धारदार टोकं राहिली तर तीच चरा पाडतील. फटीच्या दोन्ही बाजूंना चिकट पाठीची मखमलीची पट्टी, ५ मिमी रुंद. मखमलीच्या जाडीमुळेच पाइप तबकडीपासून उचललेला राहतो, त्यामुळे ती दबून सपाट झाली की बदलायची.

फिरवायला तुमचा टर्नटेबल अजिबात नाही. ओढ लागली की पट्टा घसरतो आणि मोटर गरम होते, पाणी उडतं ते वेगळंच. केक सजवायचं फिरतं टेबल घ्या, बारा इंची. त्यावर मध्ये ९५ मिमीची रबराची चकती ठेवा, म्हणजे तबकडी फक्त लेबलावर टेकते. पूर्ण मॅट टाकला तर पहिली बाजू धुऊन उलटी केली की ती मघाच्या मळक्या मॅटवर बसते. हा घोळ तयार मशीनमध्येही होतो.

ओढताना हाताने सावकाश दोन फेरे, फार तर तीन. एका फेऱ्याला पाच-सहा सेकंद. त्याहून जास्त कोरडी हवा फिरवली की स्थिर वीज तयार होते आणि तबकडी खोलीतली धूळ बोलावून घेते. नळी तबकडीला चिकटून बसत असेल तर पाइपला वर ६ मिमीचं एक भोक पाडा आणि टेपने कमी-जास्त झाका, ओढ जमवता येते. नळी उचलायची ती मोटर चालू असताना, आधी बंद केली तर पाइपमधलं घाण पाणी परत तबकडीवर सांडतं.

पाइप दोन करा. एक द्रावण ओढायला, एक विसळलेलं पाणी ओढायला. मखमलीत अडकलेला वाळूचा एक कण पुढच्या पन्नास तबकड्यांवर गोल रेघ मारू शकतो. दर बाजूनंतर मखमल जुन्या टूथब्रशने झटका.

आवाज भयंकर होतो. दुपारी वामकुक्षीच्या वेळी करू नका, इतकंच.

निषाद_कोमल

फेव्हिकॉलबद्दल कुणीच बोललं नाही. पद्धत खोटी नाही. फेव्हिकॉलसारखा पीव्हीए गोंद पीव्हीसीला चिकटत नाही, वाळल्यावर साल निघते आणि सालीबरोबर खाचेतला सुटा कचरा. पण थर सगळीकडे दीड-दोन मिमीचा लागतो. पातळ राहिला तिथे साल फाटते आणि तुकडे खाचेत अडकतात. कडेला ओघळला तर उलट बाजूला जाऊन बसतो. आपल्या पावसाळ्यात वाळायला दोन दिवसही कमी पडतात, आणि अर्धवट वाळलेला सोलला की झालंच. एका बाजूला ९०-१२० ग्रॅम गोंद धरा, शंभर एलपींचा हिशोब तुम्हीच करा. शिवाय सोलताना इतकी स्थिर वीज येते की परत ओलं करावंच लागतं. तेलकट ठसे याने जात नाहीत.

लाखेच्या तबकडीवर तर मुळीच नाही, लाखेला गोंद धरून बसतो.

मंद्रसप्तक

सर्वांचे आभार, फेव्हिकॉल बाद. खटपट्या, पाइपचं माप लिहून घेतलं. एका ओळखीच्यांकडे ६ लिटरची, ४० किलोहर्ट्झची अल्ट्रासॉनिक टाकी आहे, चष्मे आणि दागिने धुवायची. तबकडी फिरवायला मोटर लावून ती वापरता येईल का? आणि एखादी तबकडी धुऊनही खरखरली तर ती मळाने, विजेने की झिजेने, हे ओळखायचं कसं?

खोबणी

टाकीची आतली लांबी आणि खोली मोजा. १२ इंची तबकडी लेबलाच्या थोडं खालीपर्यंत बुडाली पाहिजे आणि तळापासून किमान दोन-तीन सेंटिमीटर वर राहिली पाहिजे. लांबी साधारण ३० सेंटिमीटर असल्याशिवाय हे जमत नाही. चष्म्याच्या बऱ्याच टाक्या आखूड आणि खोल असतात.

बसत असेल तर: पाण्यात सरफॅक्टंट वरच्यापेक्षा कमी, लिटरला साठ्याचं १०-१५ मिलि. आधी पाणी भरलेली टाकी तबकडी न लावता दहा मिनिटं चालवा, पाण्यातली हवा निघून जाते. हवा असेल तर बुडबुडे फुटण्याऐवजी गादीसारखं काम करतात. तापमान ३० ते ३५ अंश. टाकी स्वतःच पाणी तापवते, हीटर बंद असला तरी, म्हणून थर्मामीटर ठेवा आणि ४० ला थांबा. व्हिनाइल ६०-७० च्या पट्ट्यात मऊ पडतं, पण पातळ तबकडी त्याच्या बरीच आधी वाकायला लागते. फिरवायची सावकाश, दोन-तीन मिनिटांना एक फेरा, एकूण दहा-बारा मिनिटं. एका जागी स्थिर सोडायची नाही. एका वेळी तीन लावल्या तर मध्ये २५ मिमी अंतर.

४० किलोहर्ट्झचे बुडबुडे मोठे आणि जोरकस असतात. डेग्रिटरसारखी खास तबकड्यांसाठी केलेली यंत्रं १२० किलोहर्ट्झ वापरतात, तिथे बुडबुडे बारीक असतात. तुमच्या टाकीत वेळ वाढवून काही साधत नाही. टाकीत आयपीए घालू नका, तापलेल्या टाकीवर वाफ साठते आणि शेजारी विजेचं यंत्र असतं. ७८ टाकीत नाहीतच. पाणी गढूळ होतं ते डोळ्यांना दिसत नाही. आरओच्या बाहेरचा प्री-फिल्टर असतो ना, तसाच १ मायक्रॉनचा स्पन फिल्टर आणि कूलरचा छोटा पंप लावून पाणी फिरवत ठेवलं तर ते जास्त दिवस टिकतं. टाकीतून काढल्यावरही विसळणं आहेच.

आता आवाजावरून ओळख.

'टक' दर फेऱ्याला त्याच जागी येत असेल तर चरा किंवा चिकटलेला कण. ३३⅓ वर दोन 'टक'मधलं अंतर १.८ सेकंद, ४५ वर १.३३, ७८ वर ०.७७. घड्याळ लावून बघता येतं. त्या जागी तिरप्या उजेडात बघा: रेघ असेल तर चरा, ठिपका असेल तर परत धुवा.

'टिक' जागा बदलत असेल, पाकिटातून काढल्यावर लगेच जास्त आणि पावसाळ्यात कमी होत असेल तर ती वीज. धुतल्याने कमी होते, पाकीट बदलल्याने जाते.

सतत बारीक खरखर, पण सुईवर प्रत्येक बाजूनंतर राखाडी लोकर जमत असेल, तर मळ सुटा झालाय आणि बाहेर निघालेला नाही. पाणी ओढणं किंवा विसळणं कमी पडलं. दुसऱ्यांदा धुऊन बघाच. सुई कोरड्या ब्रशने, मागून पुढे, दर बाजूनंतर.

आणि खरखर नसून आवाजच फाटत असेल, तार सप्तकातल्या ताना, 'स' आणि 'श' चरचरत असतील, मध्याकडे जाताना जास्त, तर ती झीज. जड सुईने भिंतीच खरवडल्या आहेत. तिथे धुणं थांबवा. कधीकधी वेगळ्या आकाराची सुई, उदाहरणार्थ लंबगोलाऐवजी गोल टोकाची, भिंतीच्या न झिजलेल्या पट्टीवर टेकते आणि बरंच सुधारतं.

गिरगावकर३३

बुरशीचं राहिलं. बुरशी असलेल्या तबकड्या वेगळ्या काढा आणि गच्चीत किंवा बाल्कनीत, एन-९५ लावून, आधी कोरडी झटकून घ्या. घरात, पंख्याखाली झटकू नका, बीजाणू बाकीच्या शंभरांवर जाऊन बसतील. तो ब्रश टर्नटेबलजवळ परत आणू नका. व्हिनाइल असेल तर २०-२५ टक्के आयपीए ठिपक्यांवर मिनिटभर, मग नेहमीचं धुणं. जुनी आतली पाकिटं फेकून द्या. जॅकेटवरची बुरशी किंचित ओलसर कापडाने टिपून दिवसभर सावलीत उघडं उभं ठेवा.

लाखेचा_माणूस

लाखेवर बुरशी असेल तर फक्त सरफॅक्टंटवालं द्रावण, दोनदा. ठिपका गेल्यावर खाली राखाडी खरबरीत डाग राहिला तर तो तसाच राहू द्या, घासून जात नाही.

कपाटात परत ठेवताना लाकडावर आर्द्रतामापक चिकटवा. ४० ते ५० टक्के बरी. कोकणात जुलैत ती ८० च्या वर असते, त्यामुळे बंद दाराचं कपाट आणि रंग बदलणारं सिलिका जेल, निळ्याचं गुलाबी किंवा नारिंगीचं हिरवं झालं की तव्यावर मंद आचेवर वाळवून परत. त्या वाफेत नाक घालू नका. तबकड्या उभ्या, न वाकता टेकतील इतक्याच घट्ट. ७८ आणि एलपी एकाच रांगेत मिसळू नका, १० इंचाच्या जड तबकड्या १२ इंचांना वाकवतात.

डांबरगोळ्या मात्र त्या कपाटात ठेवायच्या नाहीत. नॅप्थॅलीनची वाफ प्लॅस्टिकला मऊ करते.

मंद्रसप्तक

डांबरगोळ्या होत्याच, काढल्या. तीस लाखेच्या वेगळ्या केल्या, त्यात दोन चिरलेल्या निघाल्या. ॲल्युमिनियमवाली एकही नाही. पाइप आणि मखमल या रविवारी. खटपट्या, फट कापायला हॅक्सॉचं पातं २ मिमीचं मिळत नाही, कशाने कापायची?

खटपट्या

हॅक्सॉच्या एकाच फ्रेममध्ये दोन पाती शेजारी-शेजारी लावा. फट दीडच्या पुढे येते, बाकी पॉलिश पेपर. आधी पेनने रेघ मारून दोन्ही टोकांना २ मिमीच्या ड्रिलने भोक पाडा, म्हणजे पातं पुढे घसरत नाही.